अर्ध्या तासाची गाडी

आमच्या गाडीने पहिल्यांदा दम सोडला तो बिद्रीच्या अलीकडे, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरला मागे टाकताना. मी ट्रॅक्टरच्या बरोबरीला आले, ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. इंजिन चालू होतं, पण त्यात जोर म्हणून राहिला नव्हता. पाय जितका जास्त दाबावा तितकी ती मंद होत होती. ट्रॅक्टरवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. लग्नाच्या वरातीत चालावं तसे आम्ही दोघं शेजारीशेजारी बराच वेळ चाललो होतो. समोरून एसटी येताना दिसली तेव्हा त्यानेच समजूतदारपणे ब्रेक लावून मला पुढे जाऊ दिलं. त्या दिवशी मी शाळेत पंचवीस मिनिटं उशिरा पोचले.

मी गारगोटीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि कोल्हापुरात वडिलांबरोबर राहते. रोजचं जाणं-येणं गाडीने. गाडी सव्वीस वर्षांची, पांढरी, कार्बोरेटरची. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. आताच्या गाड्यांत ते नसतं, त्यामुळे आताच्या बऱ्याच मेकॅनिकांना ते उघडायलाही येत नाही. गाडी मी चालवते, पण गाडी वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्टिअरिंग माझ्याकडे दिलं, बाकी काही दिलं नाही. मी संध्याकाळी घरी आले की ते आधी बॉनेटवर हात ठेवून बघतात, मग मला पाणी विचारतात.

अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कालव्यांचे पाझर शोधण्यात आणि बुजवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर कालवे राहिले नाहीत, म्हणून ते घराकडे वळले. काळी आणि पांढरी गोळी एकत्र मळून लावायची ती लांबी त्यांच्या खिशात कायम असते. आमच्या घरातले नळ, बादल्या, गच्चीची पाइप, कुकरचं हँडल, आईच्या वेळेपासूनचा एक तांब्या, सगळ्यांवर करड्या रंगाचे गुळगुळीत ठिपके आहेत. काम मात्र नेटकं असतं. अण्णांनी बुजवलेलं पुन्हा गळत नाही.

ट्रॅक्टरचा प्रसंग मी घरी सांगितला तेव्हा अण्णा म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून चालवत असशील."

"नाही अण्णा."

"मग मिस्त्रीकडं ने."

आमचे मिस्त्री उद्यमनगरातले. साठीकडे झुकलेले, राहायला गडमुडशिंगीत, घरी चार म्हशी. सकाळी धारा काढून ते साडेदहाला गॅरेज उघडत आणि संध्याकाळी पाचच्या ठोक्याला, समोर गाडी उघडी पडलेली असली तरी, परत धारांना जात. म्हैस थांबत नाही, गाडी थांबते, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला शांतपणे समजावून सांगत. गाडीचा आवाज ते डोळे मिटून ऐकत. माझी सगळी हकीकत त्यांनी अशीच डोळे मिटून ऐकली, मग गाडी घेऊन राजारामपुरीपर्यंत एक फेरी मारून आले.

"बाई, गाडी ठणठणीत हाय," ते म्हणाले.

"मिस्त्री, बिद्रीजवळ बंद पडायला आली होती."

"मग बिद्रीला बघा. हितं तर काय बी न्हाय."

तरी मी हट्टच धरला म्हणून त्यांनी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला आणि कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुतला. त्यातून निघालेला काळा गाळ त्यांनी मला बशीत घालून दाखवला. तो गाळ बघून माझं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी गाडी कळंब्यापर्यंत वाऱ्यासारखी गेली, इस्पुर्ली मागे पडली, मी गुणगुणायला लागले आणि बिद्रीच्या अलीकडे, बरोबर त्याच वळणावर, तिने आचका दिला.

पुढचे पंधरा दिवस मी विज्ञानाच्या शिक्षिकेला शोभेल असं वागले. एका दोनशे पानी वहीत तक्ता आखला. किती वाजता निघाले, किती वाजता आचका, कुठे, ऊन होतं की ढगाळ, टाकीत पेट्रोल किती. तक्त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. गाडी निघाल्यापासून साधारण अर्ध्या तासाने जोर सोडायची. जाताना बिद्रीच्या आसपास आणि येतानाही, गारगोटीहून निघून अर्ध्या तासाने, पुन्हा बिद्रीच्या आसपास. उभी केली आणि दहा मिनिटं गेली की परत ताजीतवानी. उद्यमनगरातून राजारामपुरीला जाऊन यायला दहा मिनिटंही लागत नाहीत, त्यामुळे मिस्त्रींना ती कायम ठणठणीतच दिसणार.

अर्धा तास चालल्यावर इंजिन तापतं. तापल्यावर नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पुढे सरकत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मला माझं उत्तर सापडलं. मी जेवणाच्या डब्याबरोबर आणखी एक डबा न्यायला लागले, त्यात ओला टॉवेल. बिद्रीजवळ आचका आला की गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनाजवळच्या पंपावर टॉवेल ठेवायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं उभं राहायचं. टॉवेलाचा गुण हमखास येई. दहा मिनिटांनी गाडी सुरळीत शाळेपर्यंत जाई. मी स्टाफरूममध्ये याच्यावर एक छोटं भाषणही दिलं.

तिथे वडापच्या, म्हणजे सीटा भरून नेणाऱ्या, जीपची वाट बघत शेतावरच्या बायका उभ्या असत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्यातली एक जवळ आली.

"बाई, ताप आलाय व्हय गाडीला?"

"हो, तसंच."

"रोज येतोय की मग. कांदा किसून तळव्याला लावा."

"कुणाच्या?"

ती चाकाकडे बघून थोडा विचार करू लागली. तेवढ्यात तिची जीप आली.

अण्णांना टॉवेल पटला नाही. ते म्हणाले, "आमच्या काळात गाड्या तापत नव्हत्या का? पेट्रोलच खराब आहे." मग त्यांनी मला पेट्रोल भरायचा पंप रोज बदलायला लावला. आज या पंपावर भर, उद्या त्या. संध्याकाळी बॉनेटवर हात ठेवून विचारणार, "काय म्हणतेय?" मी सांगायची, "बिद्रीला थांबले." ते वहीत त्या पंपावर काट मारायचे. शेवटी त्यांनी मला मुदाळतिट्ट्याच्या अलीकडचा एक पंप सुचवला. रस्त्यातच लागतो. त्या दिवशी टॉवेल घरी विसरला होता, म्हणून मी बिद्रीपासून गाडी तशीच रेटत-रेटत, दुसऱ्या गिअरवर, कशीबशी त्या पंपापर्यंत नेली. गाडीत बसल्याबसल्याच खिडकीतून किल्ली दिली, थोडं पेट्रोल भरून घेतलं, आणि तिथून गारगोटीपर्यंत गाडीने एकदाही कुरकुर केली नाही.

मी हे घरी सांगितलं आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. अण्णांनी निकाल दिला, की अख्ख्या जिल्ह्यात शुद्ध पेट्रोल एकाच ठिकाणी मिळतं. रोज थोडं थोडं, ताजं भरायचं. त्यांनी ही बातमी स्वतःपुरती ठेवली नाही. सकाळी फिरायला जाताना भेटेल त्याला सांगितली. आमच्या शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर त्यांच्या शब्दावर विश्वासून स्कूटर घेऊन तिकडे गेले आणि टाकी भरून आले. घरी पोचेपर्यंत त्यातलं किती उरलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर ते महिनाभर दुसऱ्या रस्त्याने फिरायला जात होते.

बिद्रीचा आचका मात्र जाता-येता चालूच होता. अण्णांचं म्हणणं, दिवसभर नाहीतर रात्रभर उभं राहून पेट्रोल शिळं होतं.

याच दिवसांत आत्ती आली. आत्ती म्हणजे अण्णांची थोरली बहीण, निपाणीकडे दिलेली. अण्णा तिला अक्का म्हणतात आणि ऐंशीच्या घरातल्या त्या बाईला अजून घाबरतात. नातवाची नोकरी कायम झाली म्हणून तिने जोतिबाला नारळ बोलला होता. रविवारी मी, अण्णा आणि आत्ती असे तिघं निघालो. टाकीत आदल्या दिवशीचं शुद्ध पेट्रोल होतं.

घरापासून जोतिबाचा चढ लागेपर्यंत किती वेळ लागतो, हे मी निघताना मोजायला हवं होतं. बरोबर अर्धा तास लागतो. पहिल्या मोठ्या वळणावर गाडीने आचका दिला आणि पुढच्या वळणाला ती पहिल्या गिअरवरही सरकेना. मागे गाड्या साठल्या. मी कडेला घेतली.

"चढाला शुद्ध पेट्रोल जड पडतं," अण्णा म्हणाले. "वजन कमी केलं पाहिजे."

ते उतरले आणि त्यांनी डिकी उघडून सामान काढायला सुरुवात केली. आधी जॅक, मग पान्ह्यांची पिशवी, मग स्टेपनी. सगळं कठड्याला लावून ठेवलं आणि राखण करायला शेजारी उभे राहिले.

आत्ती आतूनच म्हणाली, "तू उतरलास तेच बरं झालं. स्टेपनीपरास तूच जड हाईस."

मग तीही उतरली. पदर खोचला आणि म्हणाली, "मी जातो चालत. तुमी या मागनं." आमच्याकडे बायकाही ‘मी जातो, मी येतो’ असंच म्हणतात. ती दहा-वीस पावलं चालून गेली, थांबली, परत आली, पिशवीतून हळद-कुंकू काढलं, बॉनेटला पाच बोटं लावली आणि देवासाठी आणलेल्या दोन नारळांपैकी एक समोरच्या दगडावर फोडला. खोबऱ्याचा तुकडा तिने वायपरखाली खोचला. या सगळ्याला दहा मिनिटं सहज लागली.

"आता लाव," ती म्हणाली.

मी किल्ली फिरवली. गाडी लागली आणि अशी उचलली की मी स्वतःच दचकले. आत्ती चटकन आत बसली. अशी चाललेली गाडी पुन्हा थांबवण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. आरशात अण्णा लहान होत गेलेले दिसले. एका हाताने स्टेपनी धरलेली आणि दुसरा हात वर केलेला.

वर पोचून आम्ही वाट बघत उभ्या राहिलो. पाऊण तासाने भक्तांची एक जीप आली. सगळे गुलालाने माखलेले, चांगभलंचा गजर चाललेला. त्यांच्या मधोमध आमचे अण्णा. डोक्यापासून चपलांपर्यंत गुलाबी, मांडीवर स्टेपनी, आणि स्टेपनीलाही कुणीतरी मनापासून गुलाल लावलेला. खाली उतरल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "चांगली माणसं होती. डिझेल कुठं भरता, विचारलं मी त्यांना."

आत्तीच्या मते प्रश्न सुटला होता. देवाचं देणं राहिलं होतं, ते दिलं. निपाणीला जाताना तिने मला बजावलं, की महिन्यातून एकदा नारळ दाखवत जा. मला आता हसूही येत नव्हतं आणि रडूही. मिस्त्रींचा गाळ सोडला तर माझा टॉवेल, अण्णांचा पंप आणि आत्तीचा नारळ, तीनही उपाय डोळ्यांदेखत लागू पडले होते. आणि सोमवारी बिद्रीच्या अलीकडे गाडीने आचका दिला. शाळेत पोचल्यावर मी हजेरीपटावर सही करताना मुख्याध्यापक नुसते घड्याळाकडे बघत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी दुपारी मी शाळेतून तशीच मिस्त्रींच्या गॅरेजवर गेले आणि स्टुलावर बसून राहिले.

"मिस्त्री, उद्या तुम्ही माझ्याबरोबर गाडीत बसून यायचं. बिद्रीपर्यंत. त्याशिवाय मी इथून उठत नाही."

"बाई, उद्या रविवार."

"मला माहीत आहे."

"पाचला धारा हाईत."

"पाचच्या आत सोडते. गडमुडशिंगीला दारात."

त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला. मग म्हणाले, "चला. एवढं म्हणताय तर बघूया की."

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास आम्ही निघालो. मिस्त्री माझ्या शेजारी, अण्णा मागे. शुद्ध पेट्रोलची जागा मिस्त्रींना दाखवायची म्हणून अण्णा मुद्दाम आले होते. कळंबा गेलं, इस्पुर्ली गेली. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते आणि मला भीती वाटायला लागली की आज नेमकं काही होणार नाही. पण बिद्री जवळ आली आणि गाडीने आचका दिला. मिस्त्रींनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"व्हय की," ते म्हणाले. "हाय खरं."

इतक्या महिन्यांत माझ्यावर कुणीतरी पहिल्यांदा विश्वास ठेवला होता. मला गाडी बिघडल्याचा आनंद झाला. मिस्त्रींनी उतरून बॉनेट उघडलं, एकेक वायर हलवून पाहिली, प्लग काढून ठिणगी पाहिली, फिल्टर काढून फुंकला. नळ्या चाचपल्या. सगळं जागच्या जागी. परत लावून त्यांनी गाडी सुरू केली तेव्हा ती गुणी पोरीसारखी चालायला लागली. मिस्त्री उघड्या बॉनेटसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"म्हस डॉक्टर आला की बरी हुती, तसलं हाय हे."

"पेट्रोल," अण्णा मागून म्हणाले. "पुढं चला. पंपावर दाखवतो."

मुदाळतिट्ट्याकडे जाताना गाडीने पुन्हा जोर सोडला, या वेळी लवकर. आम्ही रांगत पंपावर पोचलो. तिथे पेट्रोल भरायला एक बाई असते, पस्तिशीची, खाकी शर्टावर ओढणी बांधलेली. मला ती रोज बघायची. मी नेहमीसारखी खिडकीतून किल्ली दिली. मिस्त्री पाय मोकळे करायला उतरले होते, ते तिच्या शेजारीच उभे होते. तिने टाकीच्या झाकणाला किल्ली लावली, मान एका बाजूला वळवली, कान खांद्याशी घेतला आणि मग झाकण फिरवलं.

मी काच खाली करून बसले होते, पण रस्त्यावरून ट्रक जात होता, मला काही ऐकू आलं नाही. मिस्त्रींना आलं.

"थांब ताई," ते म्हणाले. "ते काय वाजलं?"

"टाकी. रोज वाजती की," ती म्हणाली. "आत हवा वडती. सूं करून. पयल्यांदा दचकून नळी पडली माझ्या हातनं. आता मी कान बाजूला घेतो आधी."

"रोज?"

"रोज. मला वाटलं, जुन्या गाडीची तऱ्हा आसंल."

मिस्त्रींनी तिच्या हातातून झाकण घेतलं आणि उलटं केलं. मी उतरून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. झाकणाच्या आतल्या बाजूला, मधोमध, करड्या रंगाचा एक गुळगुळीत ठिपका होता. लांबी. इतकी नेटकी दाबून बसवलेली, की तिच्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता.

मिस्त्रींनी ठसा पाहिला. मी ठसा पाहिला. पंपावरच्या बाईनेही वाकून पाहिला. मग आम्ही तिघांनी मागे वळून पाहिलं. अण्णा गाडीतून उतरून, हात पाठीमागे बांधून, टायरमध्ये हवा भरायच्या मशीनवरची सूचना वाचत होते.

"अण्णा," मी म्हणाले, "हे काय आहे?"

"कुठं काय?"

"झाकणाला."

ते जवळ आले, चष्मा वर केला, झाकण पाहिलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

"पाझर होता," ते म्हणाले. "उन्हाळ्यात पेट्रोलचा वास यायचा. दिवाळीची सफाई करताना बघितलं तर झाकणाला बारीक भोक. कंपनीकडून राहून गेलं असेल. मी बंद केलं."

पंपावरची बाई तोंडावर ओढणी धरून दुसऱ्या गाडीकडे गेली. मिस्त्रींनी मात्र चेहऱ्यावर हसू न दाखवता, अगदी हळू आवाजात समजावलं. "अण्णा, ते भोक ठेवल्यालं आसतंय. इंजिन पेट्रोल वडतंय, तेवढी हवा वरनं आत याय नको का? न्हाईतर टाकी पेट्रोल सोडंल कशी? अर्धा तास वडत वडत न्हेती बिचारी, मग धरून बसती."

आणि मग सगळं एका दमात माझ्या लक्षात आलं. उभी केली की हळूहळू कुठून तरी हवा शिरत होती, म्हणून दहा मिनिटांनी बरी होत होती. टॉवेल ठेवला तरी, नारळ फोडला तरी, नुसतं उभं राहून आभाळाकडे बघितलं असतं तरी. पंपावर झाकण उघडलं जायचं, म्हणून शुद्ध पेट्रोल. आठवीच्या वर्गात मी दरवर्षी तेलाचा पत्र्याचा डबा घेऊन जाते. एका भोकातून तेल अडखळत पडतं, दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, आणि मुलांना विचारते, सांगा पाहू का? त्याच आठवड्यात मी हा प्रयोग करून दाखवला होता. मग त्याच संध्याकाळी घरी येताना बिद्रीला टॉवेल ठेवला होता.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी शाळंत काय शिकवता म्हणाला?"

"विज्ञान."

"आसू दे," ते म्हणाले.

लांबी निघता निघेना. मिस्त्रींचा स्क्रू ड्रायव्हर त्या भोकाला मोठा पडत होता. शेवटी पंपावरच्या बाईने केसातला आकडा काढून दिला आणि मिस्त्रींनी त्याने टोकरून टोकरून भोक मोकळं केलं. अण्णा बाजूला उभं राहून बघत होते. झाकण लागलं, मी गाडी सुरू केली, परत फिरवली आणि कोल्हापूरचा रस्ता धरला. बिद्री आली आणि गेली. इस्पुर्ली गेली. मी घड्याळ बघत होते. अर्धा तास झाला, पस्तीस मिनिटं झाली, गाडी पाय ठेवीन तशी पळत होती. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच मान डोलवत होते.

कळंब्याजवळ अण्णा मागून म्हणाले, "पण बसली होती पक्की. साडेचार महिने हलली नाही."

मिस्त्रींनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "काम एक नंबर हुतं अण्णा. त्यात काय वाद न्हाय."

मी मिस्त्रींना पाचच्या आत दारात सोडलं. त्यांच्या म्हशींनी आम्हा तिघांकडेही पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी अण्णा नेहमीपेक्षा लवकर आडवे झाले. बॉनेटवर हात ठेवायलाही खाली आले नव्हते. दिवसभर मला त्यांच्यावर रागवायचं होतं, वाक्यंही तयार होती, पण ताट वाढून बोलवायला गेले तर ते पलंगावर बसून आपल्या अंगठ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "अण्णा, पिठलं केलंय." ते म्हणाले, "येतो." मी वाक्यं गिळून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना ते रिक्षा करून उद्यमनगरात गेले. शेजारणीने फोन करून सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता मिस्त्रींशी वाद घालणार. शेवटचा तास बदलून घेऊन मी पाचच्या आत त्यांना घ्यायला गॅरेजवर गेले तर दोघं एका उघड्या बॉनेटवर वाकलेले होते आणि अण्णांच्या हातात डायरी होती. गाडीत कुठं कुठं मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, हे ते मिस्त्रींकडून लिहून घेत होते. दाराच्या तळाशी पावसाचं पाणी जायला, बॅटरीच्या टोपणाला, गिअरबॉक्सच्या डोक्यावर. वर ओव्हरसियरच्या टपोऱ्या अक्षरात मथळा होता, ‘बुजवू नयेत’. सात जागा झाल्या होत्या आणि आठवीबद्दल दोघांचा मतभेद चालला होता.

आत्तीला फोनवर सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "त्या बाईच्या केसात आकडा कुणी ठेवला आसंल?"

त्यानंतरच्या शनिवारी अण्णा म्हणाले, मी येतो तुझ्याबरोबर गारगोटीला, बऱ्याच वर्षांत गेलो नाही. सकाळची शाळा होती. मी तास घ्यायला गेले आणि त्यांना स्टाफरूममध्ये बसवून गेले. मधल्या सुट्टीत परत आले तर दारातच पी.टी.चे सर भेटले, हातात चहाचा कप.

"मॅडम, तुमच्या वडिलांनी सांगितला सगळा किस्सा. गाडीचा दोष कसा शोधून काढला ते. मोठमोठ्या मिस्त्रींना जमलं नाही म्हणे. झाकणावरून ओळखलं त्यांनी."

मी आत डोकावले. अण्णा मधल्या खुर्चीत बसले होते, चार शिक्षक भोवती होते, आणि ते मुख्याध्यापकांच्या टेबलावरून आणलेला पाण्याचा जग हातात घेऊन, टाकीत हवा कशी जाते ते दाखवत होते. चांगलं शिकवत होते. मी दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.